पाहुणचार आणि सत्कार: एका पॅरिशच्या नाताळ स्नेहमेळाव्याचं परीक्षण

नाशिकरोडच्या बाजूला एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक मंडळीत, नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधल्या आठवड्यात लोकप्रतिनिधींसाठी स्नेहमेळावा होतो. पॅरिशचं नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने असाच कार्यक्रम जेलरोडपासून श्रीरामपूरपर्यंत कुठेही बघायला मिळतो. आमदार येतात, आजी-माजी नगरसेवक येतात, निवडणूक तोंडावर असेल तर इच्छुकही येतात. चर्चच्या शिकवणुकीशी यांची मतं कुठे ना कुठे जुळत नाहीत. अशा माणसाला फादरांनी बोलवावं का, हा प्रश्न आमच्या दृष्टीने सुटलेला आहे: जरूर बोलवावं. बोलावल्यावर त्याला कुठे बसवायचं, हातात काय द्यायचं आणि माईक किती वेळ द्यायचा, हे मात्र बहुतेक ठिकाणी आयत्या वेळी ठरतं, आणि घोळ तिथेच होतो. म्हणून हे परीक्षण व्यवस्थेचं आहे.

मराठीत यासाठी दोन शब्द तयारच आहेत, पाहुणचार आणि सत्कार. दारात आलेल्या कोणालाही पाणी विचारतात, चहा देतात, खुर्ची पुढे करतात, तो पाहुणचार. सत्कारासाठी माणूस निवडावा लागतो, आणि तो निवडताना आपण त्याच्या कामाला आपलं नाव जोडतो. अमेरिकन बिशपांनी २००४ मध्ये काढलेल्या निवेदनात हाच फरक केला होता. मूलभूत नैतिक तत्त्वांना धाब्यावर बसवणाऱ्यांना कॅथलिक संस्थांनी पुरस्कार, सन्मान किंवा त्यांच्या कृतीला पाठिंबा आहे असं वाटेल असं व्यासपीठ देऊ नये, असा त्याचा आशय. आपल्या भाषेत सांगायचं तर सन्मानचिन्ह, शाल आणि माईक. चहाबद्दल त्यात काही नाही.

आता मतभेद कशावर आहेत ते बघू, कारण अमेरिकेतला वाद जसाच्या तसा नाशिकला लागू होत नाही. तिकडे गर्भपातावरून पक्षच दोन बाजूंना उभे आहेत. आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली, आणि त्याला विरोध म्हणून निवडणूक लढवणारा पक्ष आपल्याकडे नाही. म्हणजे तेवढी एकच कसोटी लावली तर आवाराच्या फाटकातून एकही पुढारी आत येऊ शकणार नाही. दुसरी बाब फाशीची. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथातला २२६७ वा परिच्छेद बदलला, आणि मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत स्वीकारार्ह नाही ही आता चर्चची अधिकृत शिकवण आहे. इकडे महाराष्ट्रात बलात्काराची बातमी आली की ‘फाशी द्या’ ही मागणी सगळ्याच पक्षांच्या तोंडी असते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये विधिमंडळाने स्त्रियांवरच्या अत्याचारांविरुद्ध मंजूर केलेल्या शक्ती विधेयकातही फाशीची तरतूद होती. धर्मांतरविरोधी कायद्यांची मागणी ही तिसरी बाब, आणि ती तर थेट समोर बसलेल्या माणसांबद्दलची. त्यामुळे नाशिकच्या फादरांपुढचा पाहुणा एका मुद्द्यावर चर्चच्या जवळ आणि दुसऱ्यावर लांब असा असतो. एका पक्षाला ‘आपला’ आणि दुसऱ्याला ‘विरोधी’ म्हणण्याची सोय इथे नाही, आणि ते बरंच आहे.

पुढाऱ्यांशी संबंध ठेवण्याची गरजही खरी आहे, ती कमी लेखू नये. नाशिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा भाग, १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार एवढा त्याचा पसारा, आणि कॅथलिक लोक प्रत्येक वॉर्डात मूठभर. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला आणि सप्टेंबरमध्ये मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला हरेगावला गर्दी लोटते, तेव्हा जादा बस, पाण्याचे टँकर, पोलीस बंदोबस्त हे सगळं लागतं. कब्रस्तानाची भिंत, तिथला नळ, रस्त्यावरचा दिवा यासाठी नगरसेवकाकडे जावंच लागतं. या गरजेपोटीच शाल निघते. शाल देणाऱ्या फादरांची नियत वाईट नसते, त्यांना कब्रस्तानाची भिंत हवी असते.

फाटकापासून सुरुवात करतो. या पॅरिशने यंदा सगळ्यात चांगलं काम केलं ते इथे. आमंत्रणपत्राबरोबर वेगळ्या कागदावर चार ओळी होत्या: आवारात, कुंपणाच्या भिंतीवर आणि फाटकाच्या कमानीवर कोणत्याही व्यक्तीचा किंवा पक्षाचा फ्लेक्स लावू नये, शुभेच्छांचा फलक पॅरिश स्वतः लावेल आणि त्यावर कोणाचाही फोटो नसेल. हे आधी कळवावंच लागतं. नाही तर आदल्या रात्री कार्यकर्ते येतात, दहा बाय आठचा फ्लेक्स कमानीला बांधून जातात, सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) येणाऱ्यांना गव्हाणीच्या आधी बारा चेहरे दिसतात, आणि बांधलेला फ्लेक्स काढायला लावणं हे मग भांडण होतं. पत्र महिनाभर आधी, पॅरिश कौन्सिलच्या सहीने आणि सगळ्या पक्षांना एकाच मजकुराचं गेलं पाहिजे. एकाला तोंडी आणि दुसऱ्याला लेखी असं केलं की नियम मोडलाच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि इथे पॅरिश चुकली. मिस्सा सहाला, मेळावा सातला, आणि आमंत्रणावर दोन्ही वेळा छापलेल्या. साहजिकच दोन पाहुणे मिस्सालाच आले आणि पहिल्या बाकावर बसले. ते मिस्साला आले यात काहीच वावगं नाही, दार सगळ्यांना उघडं आहे. अडचण ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, स्वीकारण्याच्या वेळी येते. बिगर-ख्रिस्ती माणूस ते प्रसाद समजून रांगेत उभा राहतो, हात पुढे करतो, आणि फादरांना क्षणात ठरवावं लागतं. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) ८४४ प्रमाणे हा संस्कार कॅथलिकांसाठीच आहे, पण तिथे ‘नाही’ म्हटलं की पाहुण्याचा सगळ्यांदेखत अपमान, आणि दिलं की त्या संस्काराची अवहेलना. कधी तो प्रसाद घरी नेण्यासाठी रुमालात बांधलाही जातो. म्हणून पाहुण्यांच्या आमंत्रणावर फक्त मेळाव्याची वेळ छापावी, मिस्सा संपण्याच्या वेळेपासून किमान अर्धा तास सोडून. तरीही कोणी लवकर आलंच तर शेजारी एक जाणता माणूस बसवावा. त्याने आधीच हळू आवाजात सांगावं, ‘साहेब, ही रांग आमच्या बाप्तिस्मा घेतलेल्यांची आहे, आशीर्वाद हवा असेल तर छातीवर हात जोडून या, फादर डोक्यावर हात ठेवतील.’ एवढं सांगितलं की पाहुणे मान ठेवतात. यंदा हे कोणी सांगितलं नाही. रांगेत शिरलेल्या पाहुण्याला एका सिस्टरने वेळेवर थांबवलं म्हणून निभावलं.

राजकारणी स्वतः कॅथलिक असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो. कॅनन ९१५ म्हणतो की उघड गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्याला हा संस्कार देऊ नये. त्याच आधारावर सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप कॉर्डिलिओनी यांनी मे २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांना गर्भपाताबद्दलच्या भूमिकेवरून आपल्या धर्मप्रांतात मनाई केली, आणि पुढच्याच महिन्यात पेलोसी यांनी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तशरीर स्वीकारलं. असा निर्णय बिशपांचा आहे. मेळाव्याच्या संध्याकाळी एखाद्या सहायक फादरांनी तो वेदीपाशी आपल्या मनाने घेऊ नये.

चर्चच्या आत भाषण हा विषय आमच्या मते पूर्ण बंद असावा. प्रवचन धर्मगुरू किंवा डीकनने (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकाने) करायचं, असं कॅनन ७६७ सांगतो. सामान्य माणसाला काही सांगायचं असेल तर ते मिस्साच्या बाहेर सांगितलेलं बरं, असं रोमने (व्हॅटिकनने) २००४ च्या सूचनेतही स्पष्ट केलं आहे. या पॅरिशने हे पाळलं. ‘दोनच शब्द’ म्हणून कोणाला वेदीपाशी बोलावलं नाही, सगळी भाषणं हॉलमध्ये झाली. याचे पूर्ण गुण.

हॉलमध्ये मात्र जुनी सवय आडवी आली. सोळा बाय बाराचं, दीड फूट उंचीचं स्टेज, त्यावर सात खुर्च्या, मधली सगळ्यात मोठी आणि तीही पाहुण्याची. फादर कडेला. हे चित्रच सांगतं की घर कोणाचं आहे. स्टेजवर खुर्च्या ठेवूच नयेत. मुलांची नाटुकली, कॅरल आणि बोलणाऱ्याचा माईक एवढंच वर. सगळे पाहुणे खाली पहिल्या रांगेत, आणि त्यांच्या मध्ये मध्ये पॅरिशमधली वयस्कर माणसं. असं बसवलं की कोण मधोमध आणि कोण कडेला हा वादच उरत नाही, आणि आमदारांच्या शेजारी बसलेल्या आजी कब्रस्तानातल्या नळाचं स्वतःच सांगतात, फादरांपेक्षा चांगलं सांगतात.

माईक स्टँडवरचा, वायरचा. कॉर्डलेस माईक पाहुण्याच्या हातात गेला की तो परत मागता येत नाही. यंदा एका पाहुण्याने तीन मिनिटांची अठरा केली, त्यात प्रभागातल्या गटारीच्या कामांची यादी होती, आणि स्टेजच्या मागे देवदूतांचे पंख लावून उभी राहिलेली चार-पाच वर्षांची मुलं खाली बसून झोपेला आली. साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवायचं: सूत्रसंचालक उभा राहिला की आवाज हळूहळू कमी. सगळ्यात महत्त्वाचा क्रम. पाहुणे आधी बोलतात आणि शेवटची पाच मिनिटं पॅरिश प्रिस्टची. इथे उलट झालं. फादरांनी सुरुवातीला स्वागत केलं आणि समारोप पाहुण्याकडे गेला. त्यात ‘अशा नराधमांना भर चौकात फाशी दिली पाहिजे’ हे वाक्य आलं, टाळ्या पडल्या, आणि लोक जेवायला उठले. शेवटचा शब्द फादरांकडे असता तर ‘साहेबांचा संताप आमचाही आहे, पण चर्च कोणाचाही जीव घ्यायला सांगत नाही’ एवढं एक वाक्य बोलता आलं असतं. त्यात पाहुण्याचा अपमान नाही, आणि मुलांच्या कानावर शिकवण पडते.

शालीबद्दल थोडं सविस्तर. ट्रेमध्ये सहा शाली, सहा नारळ आणि सहा सन्मानचिन्हं होती. सन्मानचिन्हावर ‘समाजकार्यातील योगदानाबद्दल’ असं कोरलेलं. कोणतं योगदान, हे विचारायला हवं होतं. शिकागोमध्ये २०२५ साली नेमकं हेच घडलं. कार्डिनल सूपिच यांच्या धर्मप्रांताने सिनेटर डिक डर्बिन यांना स्थलांतरितांसाठी केलेल्या कामाबद्दल जीवनगौरव द्यायचं ठरवलं. ते काम चर्चच्या शिकवणुकीला धरूनच होतं, पण गर्भपाताबद्दलची त्यांची भूमिका तशी नव्हती, आणि बऱ्याच बिशपांनी उघड हरकत घेतली. शेवटी ३० सप्टेंबरला डर्बिन यांनी स्वतःच पुरस्कार नाकारला. शाल माणसाच्या एका कामावर घालता येत नाही, ती सगळ्या माणसावर पडते. अमेरिकेतल्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाने १७ मे २००९ ला गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने असलेल्या राष्ट्राध्यक्ष ओबामांना मानद पदवी दिली तेव्हा तिथले बिशप डार्सी समारंभाला गेले नाहीत. त्याच समारंभात कॅथलिक कायदेपंडित मेरी अ‍ॅन ग्लेंडन यांना पदक मिळायचं होतं, तेही त्यांनी नाकारलं, कारण आपलं भाषण त्या सत्काराला तोल म्हणून वापरलं जातंय हे त्यांना पटलं नाही. एका पाहुण्याच्या शालीला दुसऱ्याच्या भाषणाने तोल येत नाही, हे त्यातून घेण्यासारखं.

मग रिकाम्या हाताने पाठवायचं का? मुळीच नाही. पॅरिशमधल्या बायकांनी केलेल्या करंज्या, शंकरपाळे आणि केकचा तुकडा यांचा डबा द्यावा, सगळ्यांना एकसारखा, अगदी ड्रायव्हर आणि अंगरक्षकालाही. वाटल्यास एक मेणबत्ती. त्यावर ना नाव, ना योगदान. डबा हा पाहुणचार आहे, आणि फोटोतही तो पाहुणचारच दिसतो.

न्यूयॉर्कच्या अल स्मिथ भोजनाचं उदाहरण लोक नेहमी देतात. १९२८ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी मोठ्या पक्षाकडून उभे राहिलेले पहिले कॅथलिक उमेदवार अल स्मिथ यांच्या नावाने १९४५ पासून हे धर्मादाय भोजन होतं, ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी, आणि निवडणुकीच्या वर्षी बहुतेकदा दोन्ही उमेदवार एका टेबलावर येऊन एकमेकांची थट्टा करतात. २०१२ मध्ये ओबामांना बोलावल्याबद्दल न्यूयॉर्कचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल डोलन यांच्यावर टीका झाली, त्यांनी संवादाचं कारण देऊन आमंत्रण कायम ठेवलं. पण १९९६ आणि २००४ मध्ये उमेदवारांना बोलावलंच नव्हतं. म्हणजे तिथेही दार दरवर्षी आपोआप उघडत नाही. त्यातला चांगला भाग म्हणजे दोन्ही बाजू एकत्र असतात आणि पैसा गरिबांसाठी जातो. फक्त एकाच पक्षाचे लोक आले तर तो स्नेहमेळावा उरत नाही. आपल्याकडे दिल्लीत २३ डिसेंबर २०२४ ला कॅथलिक बिशप परिषदेच्या केंद्रात पंतप्रधान नरेंद्र मोदी नाताळच्या कार्यक्रमाला आले, पंतप्रधान तिथे येण्याची ती पहिलीच वेळ. संवाद सुरू राहिला म्हणून काहींना समाधान वाटलं. मणिपूर आणि चर्चवरचे हल्ले यांबद्दल त्यांच्याशी काय बोलणं झालं, असं इतरांनी विचारलं. हा प्रश्न गल्लीतल्या पॅरिशलाही विचारला जातो, फक्त हळू आवाजात.

त्याचं उत्तर बंद खोलीत तयार होतं. पोप फ्रान्सिस आणि राष्ट्राध्यक्ष बायडन २९ ऑक्टोबर २०२१ ला भेटले तेव्हा खाजगी बोलणं तासाहून जास्त चाललं. पॅरिशमध्ये पंधरा मिनिटं पुरतात: मेळाव्याच्या आधी, पॅरिश हाऊसमध्ये, फक्त फादर, कौन्सिलचा एक माणूस आणि पाहुणा. फोटोग्राफर बाहेर. या पॅरिशने अशी भेट ठेवली होती, ही मोठी जमेची बाजू. पण निवेदन एकाच कागदावर होतं. वर कब्रस्तानाची भिंत, नळ, रस्त्यावरचे दिवे, आणि शेवटी एका ओळीत ‘जीवनाच्या प्रतिष्ठेबाबत विचार व्हावा’. वाचणाऱ्याचं बोट भिंतीवर थांबलं, भिंतीचं आश्वासन मिळालं, सगळे खुश होऊन उठले. कागद दोन हवेत. मागण्यांचा वेगळा, तो कार्यालयात कधीही देता येतो. मतभेदाचा वेगळा, एका पानाचा, साध्या मराठीत: आम्ही फाशीला विरोध का करतो, पोटातल्या बाळाबद्दल आमचं म्हणणं काय, विश्वास बदलण्याचं स्वातंत्र्य आम्हाला का हवं. तो भेटीत फादरांनी स्वतः वाचून दाखवावा. मागणी आणि मतभेद एका कागदावर आले की मतभेदाची किंमत भिंतीएवढी होते.

पैशांबद्दल थोडक्यात. मेळाव्यात कोणाचं पाकीट घेऊ नये. देणगी द्यायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी, ट्रस्टच्या खात्यावर, पावती घेऊन. खासदार निधीतून तर धार्मिक स्थळाच्या आत काम करताच येत नाही, त्यामुळे ‘छप्पर करून देतो’ या आश्वासनाला टाळी वाजवण्याआधी विचार करावा.

कायद्याची बाजू पॅरिश कौन्सिलने एकदा बसून वाचावी. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८ चा कायदा आवारात आणि संस्थेच्या सोहळ्यात राजकीय प्रचाराला मनाई करतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची, आणि जबाबदारी संस्था चालवणाऱ्यावर येते. आचारसंहिता लागू असेल तर प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर चालत नाही. तेव्हा तारीख ठरवताना निवडणुकीचं वेळापत्रक समोर ठेवावं आणि आचारसंहितेच्या काळात मेळावा सरळ पुढे ढकलावा.

जेवणाचा हिशेब चुकला. तीनशे माणसांसाठी बारा किलो केक, पन्नास ग्रॅमचा तुकडा धरला तर दोनशे चाळीसच. शिवाय सहा पाहुण्यांबरोबर प्रत्येकी आठ-दहा कार्यकर्ते, ते यादीत नव्हते. तीनशे साठ धरून अठरा किलो हवा होता. चहा पुरला, गरम होता, आणि पॅरिशमधल्या तरुणांनी वाढपाचं काम मनापासून केलं. केक कापताना सहा हात एका सुरीवर आणि मुलं मागे ढकललेली, हे मात्र बघवलं नाही. केक मुलांनी कापावा.

एकूण पाचपैकी तीन. फाटक, चर्चच्या आतली शिस्त आणि बंद खोलीतली भेट यांचे ते तीन. शाल, मधली खुर्ची आणि शेवटचा माईक यांनी दोन घालवले. यातलं काहीच खर्चाचं नाही, उलट सहा सन्मानचिन्हांचे पैसे वाचून त्यात सहा किलो जादा केक येतो. पुढच्या वर्षीचं पत्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायला हवं, आणि साउंडवाल्याला वायरच्या माईकचं तेव्हाच सांगून ठेवलेलं बरं, डिसेंबरात तो सापडत नाही.